लंडनचा हीथ्रो विमानतळ: उतरल्यापासून मुक्कामाच्या दारापर्यंत कसे जावे?

रानवाट

लंडनला शिकायला, नोकरीसाठी किंवा मुलांकडे राहायला येणाऱ्या मराठी मंडळींचे हीथ्रोविषयीचे बहुतेक प्रश्न ‘शहरात सर्वांत लवकर कसे पोहोचता येईल’ याभोवतीच फिरतात. पाहुण्यांना घ्यायला या विमानतळावर वारंवार जाऊन माझे मत असे झाले आहे की हा प्रश्न दुसऱ्या टोकाकडून सोडवावा. ज्या दारापाशी बॅगा टेकवायच्या आहेत तो पत्ता आधी नकाशावर पाहावा, त्याच्या जवळचे स्थानक कोणते आणि तेथे लिफ्ट आहे की नाही हे तपासावे, आणि मग मागे मागे येत विमानतळापर्यंतचा मार्ग जुळवावा. पंधरा मिनिटांत पॅडिंग्टन या लंडनमधल्या मोठ्या रेल्वे स्थानकात पोहोचून पुढे दोन जिन्यांवरून तेवीस-तेवीस किलोच्या बॅगा ओढण्यापेक्षा, तासभर एकाच गाडीत बसून घराजवळ उतरणे कितीतरी बरे. हे काम विमानात बसण्यापूर्वी, घरी शांतपणे करायचे आहे, कारण नऊ-दहा तासांच्या प्रवासानंतर फलकांखाली उभे राहून घेतलेले निर्णय सहसा महाग पडतात.

सुरुवात टर्मिनलपासून करावी. हीथ्रोवर सध्या २, ३, ४ आणि ५ अशी चार टर्मिनल चालू आहेत. पहिले टर्मिनल २०१५ मध्ये बंद झाले. मुंबईहून थेट येणारी एअर इंडियाची विमाने २ वर, व्हर्जिन अटलांटिकची ३ वर आणि ब्रिटिश एअरवेजची ५ वर येतात. आखातामार्गे येणाऱ्यांपैकी एमिरेट्सचे प्रवासी ३ वर, तर कतार एअरवेज आणि एतिहादचे ४ वर उतरतात. या व्यवस्थेत अधूनमधून बदल होतात, म्हणून शेवटचा शब्द तिकिटाचा मानावा. टर्मिनल २ आणि ३ भुयारी वाटेने जोडलेली असून त्यांचे रेल्वे स्थानक एकच आहे. ४ आणि ५ मात्र वेगवेगळ्या दिशांना दूर आहेत, तेथे पायी जाता येत नाही. टर्मिनलांमधला रेल्वे प्रवास मोफत आहे, त्यामुळे घ्यायला येणारा नातेवाईक चुकून दुसऱ्या टर्मिनलवर पोहोचला तरी पैसे वाया जात नाहीत, वेळ मात्र जातो.

विमानातून बाहेर पडल्यावर बरेच चालावे लागते. टर्मिनल २ चा ‘बी’ भाग मुख्य इमारतीपासून वेगळा आहे, आणि तेथे विमान लागल्यास जमिनीखालच्या लांबलचक मार्गाने यावे लागते. पुढे पासपोर्ट तपासणीत स्वयंचलित फाटकांकडे जाणारी रांग दिसते. ती ब्रिटिश आणि युरोपीय नागरिकांसाठी, तसेच अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान यांसारख्या काही देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारतीय पासपोर्टधारकांनी ‘इतर सर्व पासपोर्ट’ असे लिहिलेल्या रांगेत उभे राहावे. पूर्वी विमानात वाटले जाणारे आगमनपत्र २०१९ मध्ये बंद झाले, त्यामुळे आता काहीही भरून द्यावे लागत नाही. अधिकारी बोटांचे ठसे घेतात आणि येण्याचे कारण, मुक्कामाचा पत्ता, राहण्याचा कालावधी असे साधे प्रश्न विचारतात. उत्तरे थोडक्यात आणि खरी द्यावीत. विद्यापीठाचे पत्र, नोकरीचे पत्र किंवा यजमानाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक हातातल्या पिशवीत कागदावर असावा. फोनची बॅटरी नेमकी याच वेळी संपते. ज्यांचा व्हिसा डिजिटल आहे, त्यांनी आपले ऑनलाइन खाते उघडून त्याला चालू पासपोर्ट जोडलेला आहे याची खात्री निघण्यापूर्वीच करून घ्यावी.

सामान घेतल्यावर सीमाशुल्काची वाट येते. येथे आपल्या लोकांची अडचण बहुधा खाऊवरून होते. भारतातून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणण्यास ब्रिटनमध्ये मनाई आहे, म्हणजे आईने प्रेमाने बांधून दिलेले साजूक तूप, खवा आणि पनीर घरीच ठेवावे. खव्याची मिठाईसुद्धा आणू नये असे माझे सांगणे आहे. चिवडा, चकली, भाजणी, मसाले, लाडवांऐवजी चिक्की, एवढ्यावर समाधान मानावे. दहा हजार पौंड किंवा त्याहून अधिक रोख रक्कम जवळ असल्यास ती जाहीर करणे बंधनकारक आहे.

आता वाहतूक. हीथ्रोहून शहरात जाणारे रेल्वेचे तीन मार्ग आहेत आणि त्यांतला फरक नीट समजून घेण्याजोगा आहे.

पिकाडिली लाईन ही भुयारी रेल्वे १९७७ पासून विमानतळाच्या मध्यभागी येते आहे. ती सर्वांत स्वस्त आहे. मार्च २०२५ च्या दरपत्रकानुसार मध्य लंडनपर्यंत ५.८० पौंड पडत होते आणि पिकाडिली सर्कसला पोहोचायला पाऊण ते एक तास लागतो. डबे १९७० च्या दशकातले, अरुंद आणि वातानुकूलन नसलेले आहेत, परंतु गाडी विमानतळावरूनच सुटत असल्यामुळे बसायला जागा मिळते. हॅमरस्मिथ, अर्ल्स कोर्ट, साउथ केन्सिंग्टन, ग्रीन पार्क, किंग्ज क्रॉस या भागांत राहणाऱ्यांना गाडी न बदलता जाता येते, हे तिचे खरे बळ आहे.

एलिझाबेथ लाईन मे २०२२ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून हीथ्रोच्या गाड्या गाडी न बदलता शहराच्या मध्यातून पूर्वेकडे जाऊ लागल्या. पॅडिंग्टनला सुमारे अर्ध्या तासात, लिव्हरपूल स्ट्रीटला सुमारे पाऊण तासात पोहोचता येते. डबे रुंद, वातानुकूलित आहेत आणि या मार्गाच्या प्रत्येक स्थानकात रस्त्यापासून फलाटापर्यंत पायऱ्यांशिवाय जाता येते. मध्य लंडनचे भाडे मार्च २०२५ च्या दराने १३.९० पौंड होते. मोठ्या बॅगा आणि वडीलधारी माणसे बरोबर असतील तर मी नेहमी हीच गाडी सुचवतो.

हीथ्रो एक्स्प्रेस १९९८ पासून धावते, मध्ये कोठेही न थांबता टर्मिनल २ व ३ च्या स्थानकातून पंधरा मिनिटांत पॅडिंग्टनला नेते, आणि आयत्या वेळी तिकीट काढल्यास पंचवीस पौंडांच्या पुढे जाते. बरेच दिवस आधी ऑनलाइन काढल्यास तिकीट पुष्कळ स्वस्त मिळू शकते, पण मुंबईचे विमान उशिरा आले तर काय, याचा विचार करूनच ते घ्यावे. सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की टर्मिनल २ व ३ आणि टर्मिनल ५ येथे एलिझाबेथ लाईन आणि हीथ्रो एक्स्प्रेस यांची प्रवेशफाटके आणि फलाट सामायिक आहेत. कार्ड टेकवून आत गेल्यावर समोर आलेली पहिली गाडी पकडली आणि ती एक्स्प्रेस निघाली, तर पॅडिंग्टनच्या फाटकावर पूर्ण भाडे कापले जाते. फलाटावरच्या पाटीवर गाडीचे नाव वाचल्याशिवाय डब्यात पाऊल ठेवू नये.

पूर्वरंग

उत्तम आणि सविस्तर लेखन. कार्डांविषयी थोडी भर घालतो, कारण नव्याने आलेले लोक स्थानकाच्या फाटकापाशी अडतात ते बहुधा याच कारणाने.

लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये वेगळे तिकीट न काढता संपर्करहित (कॉन्टॅक्टलेस) बँक कार्ड थेट टेकवता येते. मात्र तेथे व्हिसा, मास्टरकार्ड आणि अमेरिकन एक्स्प्रेस ही कार्डे चालतात. रुपे कार्ड चालत नाही, आणि यूपीआयही चालत नाही. शिवाय भारतीय बँकांची कार्डे रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांमुळे सुरुवातीला केवळ देशातल्या वापरापुरती चालू असतात. परदेशातला वापर आणि संपर्करहित व्यवहार हे दोन्ही पर्याय बँकेच्या अ‍ॅपमधून वेगवेगळे चालू करावे लागतात. हे निघण्याआधीच करावे, कारण परक्या देशात बँकेचा सांकेतिक क्रमांक (ओटीपी) भारतीय सिमवर येईलच याचा भरवसा नसतो.

दुसरे म्हणजे प्रत्येक प्रवाशाला स्वतंत्र कार्ड लागते. नवरा-बायकोने एकच कार्ड एकामागून एक टेकवून आत जाता येत नाही. जे कार्ड आत जाताना टेकवले तेच बाहेर पडताना टेकवावे. तेच कार्ड फोनमध्ये साठवलेले असले तरी यंत्राच्या लेखी फोन आणि प्लॅस्टिकचे कार्ड वेगळे असते, आणि अदलाबदल झाली की दोन अपूर्ण प्रवासांचे जास्तीचे भाडे लागते. कार्ड नसलेल्या सदस्यासाठी स्थानकातल्या यंत्रावर ऑयस्टर कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून वापरायचे प्रवासाचे कार्ड, मिळते, परंतु सप्टेंबर २०२५ पासून कोऱ्या कार्डाचेच दहा पौंड द्यावे लागतात आणि ते परत मिळत नाहीत. अकरा वर्षांखालील मुले तिकीट असलेल्या प्रौढाबरोबर भुयारी रेल्वेत आणि एलिझाबेथ लाईनवर मोफत जातात, एका प्रौढामागे चार मुलांपर्यंत. त्यांना रुंद फाटकातून आपल्याबरोबर घ्यावे. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

चांदणवेल

रानवाट यांच्या मुख्य मुद्द्याशी मी सहमत आहे, पण त्यांनी मोटारगाडीचा विचार अगदीच बाजूला ठेवला आहे असे वाटते. चार जणांचे कुटुंब, त्यांत दोन लहान मुले, आठ बॅगा आणि संध्याकाळी उशिरा येणारे विमान, अशा वेळी रेल्वेचे कितीही गोडवे गाइले तरी आईवडिलांचे दोन हात मुलांसाठी मोकळे राहत नाहीत. हीथ्रो शहराच्या पश्चिम टोकाला आहे. त्यामुळे हाउन्स्लो, साउथॉल, हेज, ईलिंग, स्लाव या भागांत जायचे असेल, आणि नव्याने आलेली आपली पुष्कळ कुटुंबे याच पट्ट्यात घर घेतात, तर आधी ठरवलेली गाडी फार महाग पडत नाही आणि थेट दारात सोडते.

यात तीन गोष्टी पाळाव्यात. काळ्या टॅक्सी प्रत्येक टर्मिनलबाहेर अधिकृत रांगेत उभ्या असतात आणि मीटरने चालतात. त्यांत पाच प्रवासी सहज बसतात, मात्र मध्य लंडनपर्यंतचे भाडे सत्तर पौंडांच्या वर सहज जाते आणि वाहतूक तुंबली तर आणखी वाढते. दुसऱ्या प्रकारच्या खासगी गाड्या कायद्याने आधी नोंदवलेल्याच असाव्या लागतात. म्हणून आगमन कक्षात कोणी जवळ येऊन ‘टॅक्सी हवी का’ असे विचारले तर त्याच्याबरोबर मुळीच जाऊ नये, तो माणूस आपली भाषा बोलत असला तरीही. तिसरे, अ‍ॅपवरून बोलावलेली किंवा नातेवाइकाने आणलेली गाडी निर्गमनाच्या दारापाशी थांबू शकत नाही. घ्यायला येणाऱ्यांनी अल्पकालीन वाहनतळातच यायचे असते, आणि भेटण्याचा मजला आधी ठरवून ठेवणे श्रेयस्कर. मूल बारा वर्षांचे होईपर्यंत किंवा १३५ सेंटिमीटर उंचीचे होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, त्याला गाडीत खास आसन लागते. टॅक्सीला यात काही सवलत आहे, परंतु मुलाच्या सुरक्षिततेसाठी गाडी नोंदवतानाच आसन मागून घ्यावे.

रानवाट

चांदणवेल, आपले म्हणणे मला पटते. मुक्काम पश्चिम लंडनमध्ये असेल आणि माणसे तीन-चार असतील तर मीही गाडीच सुचवेन. माझा विरोध आहे तो सरसकट टॅक्सी करण्याला, विशेषतः पूर्व लंडनला जाणाऱ्यांनी. इल्फर्ड, स्ट्रॅटफर्ड, कॅनरी वॉर्फ किंवा वुलिच येथे जाणाऱ्याला संपूर्ण शहर ओलांडावे लागते आणि सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत त्याला दोन तासही लागू शकतात. तेच अंतर एलिझाबेथ लाईन एका तासाच्या आसपास कापते. एवढेच पाहावे की पूर्वेकडे व्हाइटचॅपलनंतर या मार्गाचे दोन फाटे होतात. एक स्ट्रॅटफर्ड आणि इल्फर्डवरून शेनफील्डकडे जातो, तर दुसरा कॅनरी वॉर्फ आणि वुलिचवरून अ‍ॅबी वूडकडे. आपण बसलेली गाडी आपल्याला नको असलेल्या फाट्याची असेल तर व्हाइटचॅपलला उतरून बदलावी.

उंबरठा

माझी मुलगी या सप्टेंबरमध्ये लीड्सला पदव्युत्तर शिक्षणासाठी जात आहे. विमान सकाळी टर्मिनल ५ वर उतरते. स्वस्त मिळते म्हणून आम्ही त्याच सकाळचे लीड्सच्या गाडीचे तिकीट काढण्याच्या विचारात आहोत. किती वेळ मध्ये ठेवावा? आणि लंडनबाहेर जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी नेमके कोठून कसे जावे, हेही कोणी सांगितल्यास अनेकांना उपयोग होईल.

तळटीप

उंबरठा, आगाऊ काढलेले स्वस्त तिकीट त्या एकाच गाडीसाठी ग्राह्य असते. विमान उशिरा आले म्हणून ते पुढच्या गाडीला चालत नाही. सप्टेंबरमध्ये विद्यार्थ्यांची गर्दी असल्याने पासपोर्ट तपासणीची रांग लांबते, शिवाय सामान यायला वेळ लागतो, म्हणून विमान उतरण्याच्या वेळेपासून गाडी सुटेपर्यंत चार तास ठेवावेत असे मी सुचवेन. त्याहून कमी वेळ हाती असेल तर थोडे अधिक पैसे देऊन वेळेचे बंधन नसलेले तिकीट घ्यावे, म्हणजे मुलीवर दडपण येणार नाही. पहिल्यांदाच एकटी प्रवास करणाऱ्या मुलीच्या मनःस्वास्थ्यासाठी एवढा खर्च मला योग्य वाटतो.

लंडनमध्ये दिशेनुसार मोठी स्थानके वेगवेगळी आहेत, हे मुंबईकरांना समजायला कठीण जाऊ नये. लीड्स, यॉर्क, न्यूकॅसल आणि एडिंबराच्या गाड्या किंग्ज क्रॉसवरून सुटतात, आणि तेथे पिकाडिली लाईन हीथ्रोहून थेट जाते. किंग्ज क्रॉसला लिफ्टही आहेत. म्हणजे आपल्या मुलीला टर्मिनल ५ च्या स्थानकात बसून एकदाच उतरायचे आहे. शेफील्ड, नॉटिंगहॅम आणि लेस्टरसाठी त्याला लागूनच असलेले सेंट पँक्रस आहे. मँचेस्टर, लिव्हरपूल आणि ग्लासगोच्या गाड्या यूस्टनहून निघतात. ते किंग्ज क्रॉसपासून भुयारी रेल्वेने एकच स्थानक दूर आहे. ब्रिस्टल, कार्डिफ आणि ऑक्सफर्डसाठी पॅडिंग्टन. मात्र कार्डिफ, ब्रिस्टल किंवा बर्मिंगहॅमला जाणाऱ्यांनी आधी लांब पल्ल्याच्या बसचा विचार करावा. टर्मिनल २ आणि ३ यांच्या मधोमध असलेल्या मध्यवर्ती बसस्थानकातून नॅशनल एक्स्प्रेसच्या गाड्या थेट या शहरांना जातात, मोठ्या बॅगा खालच्या कप्प्यात ठेवल्या जातात आणि लंडन शहरात शिरावेच लागत नाही. ऑक्सफर्डसाठीही अशी थेट बस आहे, आणि रेडिंगच्या विद्यार्थ्यांसाठी विमानतळ ते रेडिंग स्थानक अशी वेगळी बससेवा आहे.

आणखी एक. अनेक विद्यापीठे सत्राच्या सुरुवातीला ठरावीक दिवशी हीथ्रोवर स्वतःच्या बस पाठवतात आणि आगमन कक्षात स्वयंसेवक उभे करतात. तिकीट काढण्यापूर्वी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी विभागाला एक पत्र लिहून विचारावे. शनिवार-रविवारी दुरुस्तीच्या कामांसाठी भुयारी रेल्वेचे काही भाग बंद ठेवतात. विमान त्या दिवशी येत असेल तर आदल्या रात्री वेळापत्रक अवश्य पाहावे.

केवडा

माझे आई-बाबा नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदाच इकडे येत आहेत. आईचे गुडघे दुखतात आणि दोघांनाही इंग्रजी बोलण्याचा संकोच वाटतो. मी डॉलिस हिलला, महाराष्ट्र मंडळापासून जवळच राहते. माझ्याकडे गाडी नाही. त्यांना मी भुयारी रेल्वेने आणावे की कसे, याचा निर्णय होत नाही.

रानवाट

केवडाताई, आईंसाठी चाकाच्या खुर्चीची मागणी विमान कंपनीकडे किमान ४८ तास आधी नोंदवा. ही सेवा मोफत असते आणि तिचा खरा फायदा उतरल्यावर होतो. विमानाच्या दारापासून मदतनीस त्यांना घेतात, लांबलचक चालणे वाचवतात, पासपोर्ट तपासणीतून आणि सामानाच्या पट्ट्यावरून नेऊन आगमन कक्षात आणून सोडतात. बाबा त्यांच्याबरोबरच राहतील, दोघांची ताटातूट होत नाही. मदतीला मनुष्य येण्यासाठी कधी विमानातच थोडे थांबावे लागते, तेवढे त्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे सगळे उतरून गेले तरी ते घाबरणार नाहीत. औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत असू द्या.

भाषेविषयी एक साधा उपाय सांगतो. एका कागदावर इंग्रजीत दोघांची नावे, येण्याचे कारण, परतीच्या विमानाची तारीख, तुमचे नाव, नाते, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक लिहून तो दोन्ही पासपोर्टांत एकेक ठेवा. परतीच्या तिकिटाची छापील प्रतही सोबत द्या. अधिकाऱ्यांना दुभाष्या बोलावता येतो, त्यामुळे समजले नाही तर अंदाजाने ‘येस’ म्हणण्याऐवजी ‘मराठी’ किंवा ‘हिंदी’ एवढेच म्हणावे, हे आई-बाबांना निक्षून सांगा.

डॉलिस हिलपर्यंत रेल्वेचा मार्ग तसा सोपा आहे: एलिझाबेथ लाईनने बाँड स्ट्रीट, तेथे लिफ्टने ज्युबिली लाईनच्या फलाटावर जाऊन पुढे डॉलिस हिल. परंतु तुमच्या स्थानकात लिफ्ट नाही, हे तुम्हाला रोजच्या अनुभवाने ठाऊक असेलच. दुखऱ्या गुडघ्यांनी आणि चार बॅगा घेऊन शेवटच्या त्या पायऱ्या चढायला लावण्यापेक्षा, या एका दिवसापुरती गाडी नोंदवावी असे मी आग्रहाने सांगेन. तुम्ही स्वतः मात्र त्यांना घ्यायला रेल्वेने जा, आगमन कक्षात उभ्या राहा, आणि येताना तिघे गाडीने या. नोव्हेंबरमध्ये बाहेर चांगलीच थंडी असते आणि वाहनतळापर्यंत थोडे चालावे लागते, म्हणून दोन जाड कोट आणि कानटोप्या सोबत न्या, कारण त्यांचे गरम कपडे हमखास मोठ्या बॅगेच्या तळाशी असतात.

चांदणवेल

केवडाताई, विमान उतरल्यापासून आई-बाबा बाहेर येईपर्यंत दीड-दोन तास लागू शकतात. गाडी नोंदवताना विमानाचा क्रमांक द्या आणि थांबण्याचे शुल्क किती मिनिटांनंतर सुरू होते हे आधी विचारून घ्या. आमच्या सासूबाई आल्या तेव्हा विमान लवकर उतरले, पण खुर्चीचा मदतनीस यायला वेळ लागला आणि गाडीवाल्याचे थांबण्याचे शुल्क भाड्याच्या निम्म्यापर्यंत गेले. त्यानंतर आम्ही आई-बाबांनी सामान घेतल्याचा फोन आला की मगच अ‍ॅपवरून गाडी बोलावतो. विमानतळावर मोफत वायफाय आहे. ते कसे जोडायचे, हे त्यांना निघण्यापूर्वी व्हिडिओ कॉलवर एकदा करून दाखवा.

केवडा

सर्वांचे मनापासून आभार. गाडीचेच ठरवले आहे. खुर्चीची नोंद आज केली. कंपनीने ती दोघांच्याही तिकिटावर करता येईल असे सांगितले, म्हणून बाबांसाठीही मागितली, कारण मुंबईच्या विमानतळावरही त्यांना बरेच चालावे लागेल. कागद इंग्रजीत तयार करून खाली मराठीत तोच मजकूर लिहिला आहे, म्हणजे आपण काय दाखवतो आहोत हे त्या दोघांनाही कळेल. आई तुपाचा डबा आणण्यावर अजून ठाम आहे, तिला आज पुन्हा फोन करते.